परदेशातली नर्सिंग नोंदणी: अमळनेरच्या एका सिस्टरला उत्तर

विचारणारी अमळनेरची आहे. धुळ्याला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी), आणि आता जळगावच्या एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत चौथं वर्ष. बारावीपर्यंत मराठी माध्यम. एका एजंटाने तिला इंग्लंडचं ‘पॅकेज’ सांगितलंय: साडेचार लाख रुपये, सहा महिन्यांत नोकरी. तिला विचारायचंय की इंग्लंड, अमेरिका की जर्मनी. नोकरी सोडून केरळात क्लास लावावा का. जीएनएमला तिकडे किंमत आहे का. आणि तिच्या एएनएम (जीएनएमच्या खालचा नर्सिंगचा कोर्स) झालेल्या मैत्रिणीला काही मार्ग आहे का.

तू मला मॅडम म्हणून लिहिलंस, तेव्हा एकेरीतच बोलते. मी आधी सौदीत, मग इंग्लंडात वॉर्डात काम केलं आणि आता इकडे मुलींना शिकवते. त्यामुळे परीक्षेच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

पहिलं उत्तर एजंटाचं. त्याला एक रुपयाही देऊ नको. इंग्लंडात परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी सरकारी आचारसंहिता आहे. नोकरी लावून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं ती सांगते. सरकारी रुग्णालयं नर्स घेतात तेव्हा परीक्षेचा आणि व्हिसाचा बराचसा खर्च सहसा तेच उचलतात. आखाती देशांचा मामला वेगळा आहे. आपल्या सरकारच्या नियमानुसार नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. शिवाय 2015 पासून ईसीआर यादीतल्या (कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते अशा) 18 देशांत नर्स म्हणून जायचं तर पासपोर्ट कुठल्याही प्रकारचा असो, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून क्लिअरन्स लागतोच. ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं, तर ते बोलणं तिथेच थांबव. आणि 2024 पासून इंग्लंडातली परदेशी भरती स्पष्ट दिसेल इतकी कमी झाली आहे, हे त्या एजंटाने तुला सांगितलं का?

एजंट लोक नोंदणी आणि नोकरी या दोन गोष्टींची मुद्दाम सरमिसळ करतात. नोंदणी म्हणजे त्या देशाच्या नर्सिंग कौन्सिलने तुला नर्स म्हणून मान्य करणं. ती तुझी तू घरबसल्या, ऑनलाइन अर्ज करून, फी भरून करू शकतेस. नोकरी त्यानंतरची. ज्या मुलीकडे नोंदणीचा अर्धा रस्ता पार केल्याचा पुरावा असतो, तिला नोकरीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्याकडच्या मुलींचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. आणि त्यातही नावावर. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत क्रम वेगळा. पासपोर्टवर तिसराच. लग्न झालं की वडिलांच्या जागी नवरा आणि आडनावही नवं. त्यात चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग एका घरात तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. बाहेरचं कौन्सिल ही तीन माणसं समजतं. त्यामुळे परीक्षेचं पुस्तक उघडण्याआधी दहावी, बारावी, जीएनएम, पोस्ट बेसिक, कौन्सिल नोंदणी, आधार आणि पासपोर्ट असे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांड आणि अक्षर न् अक्षर जुळव. फरक असेल तर राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र, कौन्सिलकडे दुरुस्ती, हे सगळं आत्ताच सुरू कर. लग्न ठरत असेल तर घरी सांग की नोंदणीचं काम संपेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलायचं नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. सासरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं.

दुसरा कागद ट्रान्सक्रिप्टचा. मार्कशीट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. परदेशी संस्थेला तुझे गुण दुय्यम असतात. तिला हवे असतात तास: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि मानसोपचार या प्रत्येक विषयात थिअरी किती तास आणि प्रत्यक्ष वॉर्डात किती तास. हा कागद तुझ्या हातात चालत नाही. कॉलेजने तो परस्पर पाठवायचा असतो. नोंदणीची खातरजमा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल तसंच परस्पर करतं. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कने असा फॉर्म आयुष्यात पाहिलेला नसतो, म्हणून फॉर्मची छापील प्रत, भरलेला नमुना आणि प्राचार्यांच्या नावाचा अर्ज घेऊन स्वतः जा. फोनवर हे काम होत नाही. मानसोपचाराचे तास नीट लिहिलेत का ते डोळ्यांनी बघ. आपल्या भागात त्या पोस्टिंगसाठी मुलींना बाहेर न्यावं लागतं, आणि तास झालेले असूनही नोंद अर्धवट राहते.

कॅलिफोर्नियासारखं राज्य याहून पुढे जातं. एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याचं क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं काम, एकाच काळात झालेलं असावं, असा तिथल्या नर्सिंग बोर्डाचा आग्रह असतो. आपल्याकडे वर्ग या वर्षी आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी असं सर्रास होतं. तुझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये तसं दिसत असेल तर त्या राज्याच्या वाटेला जाऊ नको, दुसरं राज्य निवड.

देशांबद्दल. मी तुझ्या जागी असते तर भाषेची परीक्षा आधी आणि देश नंतर ठरवला असता, पण तू विचारलंस म्हणून सांगते.

अमेरिकेत एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा. आधी कागदांचं मूल्यमापन होतं. ते काम करणारी सीजीएफएनएस ही फिलाडेल्फियातली संस्था 1977 पासून आहे. आता तिचं नाव ट्रूमेरिट झालंय. मग ज्या राज्यात अर्ज केलास त्याचं बोर्ड परवानगी देतं आणि मुंबईत बसून परीक्षा देता येते. फी 200 डॉलर, आणि अमेरिकेबाहेर द्यायची म्हणून वर 150 डॉलर. परीक्षा संगणकावर, पाच तासांच्या आत, कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न. तू बरोबर उत्तर दिलंस की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलीस की सोपा. तू सुरक्षित नर्स आहेस की नाही याची संगणकाला खात्री पटली की परीक्षा बंद होते. 85 ला बंद पडली म्हणून रडत बाहेर आलेल्या मुली पास झालेल्या आहेत. नापास झालीस तर 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. अडचण परीक्षेनंतरची आहे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून जुनी आहे. काही बोर्डं परवाना देताना सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, जो तिथे पोहोचल्याशिवाय मिळत नाही. पण एनक्लेक्स वाया जात नाही. कॅनडात 2015 पासून तीच परीक्षा चालते, आणि ऑस्ट्रेलियाने 2020 पासून आपल्यासारख्या देशांतल्या नर्सना आधी एनक्लेक्स आणि मग तिथे जाऊन प्रात्यक्षिक असा रस्ता ठेवलाय.

इंग्लंडचं कौन्सिल म्हणजे एनएमसी. आपल्याकडे याच नावाने डॉक्टरांचं कमिशन आहे, गुगलवर शोधताना गोंधळू नको. तिथे दोन टप्पे. पहिला संगणकावरचा, इथूनच देता येतो: 15 प्रश्न आकडेमोडीचे, अर्ध्या तासात, आणि 100 प्रश्न नर्सिंगचे, अडीच तासांत. दुसरा तिथे जाऊन द्यायचा, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. दहा स्टेशनं, प्रत्येक स्टेशनवर एक काम: रुग्णाची तपासणी, काळजीचा आराखडा, औषध देणं, हॅन्डओव्हर (पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती सोपवणं), मग इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग अशी कौशल्यं. एका अर्जात तीन संधी.

जर्मनीचा विषय आपल्याकडे फार गाजतोय, कारण फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आणि गावोगाव जर्मन शिकवण्याच्या पाट्या लागल्या. तिथे एमसीक्यूची मोठी परीक्षा नाही. तुझं शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि कुठे कमी पडतं ते लेखी कळवतात. ती कमतरता एक तर तिथल्या रुग्णालयात काही महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन भरून काढायची, नाहीतर तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णावरची परीक्षा द्यायची. खरी परीक्षा जर्मन भाषेची, बी-टू (सहा पातळ्यांतली चौथी) पातळीपर्यंत. नोकरी करत करत बी-टू म्हणजे वर्ष-दीड वर्ष सहज धर. तिथे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे शिक्षित नर्सचं काम आहे. आपल्याकडे ते मावशी आणि नातेवाईक करतात. आयसीयूतली व्हेंटिलेटर हाताळणारी मुलगी तिकडे वृद्धाश्रमात लागली आणि चार महिन्यांत खचली, अशी उदाहरणं आहेत. कामात कमीपणा काही नाही, पण ते माहीत असून जाणं वेगळं.

तुझ्यासाठी माझा कल असा: ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आधी दे, तिच्याबरोबर एनक्लेक्सचा अभ्यास चालू ठेव, आणि इंग्लंडला दुसऱ्या क्रमांकावर ठेव. जर्मन तेव्हाच, जेव्हा भाषा शिकण्याची खरी आवड असेल.

इंग्रजीबद्दल तुझ्या मनात धास्ती आहे ते पत्रातच कळतं. आयईएलटीएस, म्हणजे सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा, दिलीस तर एनएमसीला वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 हवेत. ओईटी खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची; तीत त्याच तिघांत बी ग्रेड आणि लेखनात सी प्लस. मराठी माध्यमाच्या नर्सला मी ओईटीच सुचवते. आयईएलटीएसमध्ये शहरीकरणावर निबंध लिहायला लागतो. ओईटीत रुग्णाच्या केस नोट्स देतात आणि पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला पत्र लिहायला सांगतात. तो विषय तुझा आहे. आपल्या मुली इथे कुठे चुकतात? दिलेली प्रत्येक ओळ पत्रात उतरवतात. जखमेच्या ड्रेसिंगसाठी घरी येणाऱ्या नर्सला, रुग्णाचं वीस वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं होतं हे सांगायची गरज नसते. काय गाळायचं हे ज्याला कळतं त्याला गुण मिळतात. वाचनाच्या पहिल्या भागात 15 मिनिटांत 20 प्रश्न असतात, तिथे हळू वाचणारी मुलगी मागे पडते. जळगावात स्पोकन इंग्लिशचे क्लास खंडीभर आहेत, ते या परीक्षेला फारसे उपयोगी नाहीत. रोज ड्युटी संपल्यावर एका रुग्णाचा हॅन्डओव्हर इंग्रजीत मोठ्याने बोल आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर, नाव-नंबर न घेता: कोण आहे, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, पुढे काय हवं. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. नंतर सवय होते.

बोलण्याच्या परीक्षेत तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीकडे नसते. पारोळ्याची आजी ‘मना पोट दुखस’ म्हणत येते, तेव्हा तू अहिराणीत चौकशी करतेस, डॉक्टरांना मराठीत सांगतेस आणि फाइलमध्ये इंग्रजीत लिहितेस. साध्या माणसाला साध्या शब्दांत समजावणं तुला रोजचंच आहे, आणि ओईटीच्या संवादात नेमकं तेच तपासतात. ‘हायपरटेन्शन’ म्हणून गप्प न बसता ‘तुमचं बीपी वाढलेलं आहे, म्हणून ही गोळी रोज’ एवढं इंग्रजीत सांगता आलं की झालं.

आता ज्यासाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला घेतलं ते सांगते. आपल्या मुली ज्ञानात कमी पडत नाहीत. त्या अडतात ‘आधी काय करशील?’ या प्रश्नाला.

एक केस घे. नंदुरबारच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. धडगावकडचा चौदा वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा, म्हणजे ज्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात त्या आजाराचा. दोन दिवसांपासून पाय दुखतायत. आज ताप 38.6, श्वास मिनिटाला 30, ऑक्सिजन 90 टक्के, आणि म्हणतो छातीत दुखतंय. आई गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय. मी वर्गात हे सांगते आणि विचारते, आधी काय? दहातल्या आठ मुलींचं उत्तर येतं, ‘डॉक्टरांना कळवते.’

डॉक्टरांना कळवायचंच आहे. पण परीक्षा विचारते की ते येईपर्यंत तू काय केलंस. डोक्याकडची बाजू उंच केलीस का, ऑक्सिजन लावलास का, श्वासाचा आवाज स्टेथोस्कोपने स्वतः ऐकलास का, सलाइन चालू आहे का बघितलंस का? आणि पट्ट्या थांबवून मुलाला उबदार ठेवलंस का, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि या आजारात पेशी आणखी अडकतात. मग डॉक्टरांना फोन, आणि तोही ‘सर, पेशंट बरा नाही’ असा नव्हे. ‘सिकलसेलचा रुग्ण, छातीत नवीन दुखणं, ताप, ऑक्सिजन 90 वरून लावल्यावर 94, मला अॅक्यूट चेस्ट सिंड्रोमची शंका आहे, तुम्ही आत्ता यावं.’ (हा सिंड्रोम म्हणजे सिकलसेलमुळे फुफ्फुसांवर येणारं संकट.) हे वाक्य आपल्याकडची अनुभवी सिस्टर मनात म्हणते, ओठावर आणत नाही. कारण शंका व्यक्त करणं हे डॉक्टरांचं काम, असं आपण तिला तीन-चार वर्षं शिकवलेलं असतं. शिकवणाऱ्यांत मीही आलेच.

एनक्लेक्सने 1 एप्रिल 2023 पासून नेमका हाच भाग वाढवला. आता एका रुग्णाची गोष्ट देतात आणि तिच्यावर सहा प्रश्न विचारतात. कुठल्या खुणा महत्त्वाच्या? त्यांचा अर्थ काय? सगळ्यात धोक्याचं काय? काय काय करता येईल? आत्ता काय करशील? आणि केल्यावर बरं वाटतंय हे कशावरून? वरच्या मुलाची केस या सहा पायऱ्यांवर तू आजच लिहून बघ. मग रोज ड्युटीवरचा एक रुग्ण घे आणि त्याच्यावर हेच सहा प्रश्न. महिनाभरात तुझ्याकडे जी वही तयार होईल, ती कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा कामाची, कारण त्यातले रुग्ण तू पाहिलेले असतील.

आपल्या भागातली माणसं यासाठी फार समृद्ध साहित्य देतात, असं म्हणणं जरा कठोर वाटेल, पण खरं आहे. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी घे. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, घाम, नाडी मंद. अॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध चालू असताना काय बघायचं हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. अमेरिकन पुस्तकात हेच चित्र मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराच्या रुग्णाला औषध जास्त झाल्यावर येतं आणि आपल्या मुली नाव अनोळखी म्हणून प्रश्न सोडून देतात. लक्षणं तीच आहेत, उतारा तोच आहे. फरक एवढाच की फवारणीच्या रुग्णात परीक्षेला आधी हवं असतं ते तुझं स्वतःचं संरक्षण आणि श्वासाचा मार्ग, मग लगेच भिजलेले कपडे उतरवणं आणि अंग धुणं. आपण कपडे तसेच ठेवून अॅट्रोपिनकडे धावतो. मे महिन्यात भुसावळला 45 अंशांच्या उन्हातून आणलेला उष्माघाताचा रुग्ण, रात्री शेतात साप चावलेला, घरी बाळंत होऊन रक्तस्राव घेऊन आलेली बाई. या सगळ्यांवर ते सहा प्रश्न लाव.

काही भाग मात्र आपल्याकडे नाहीच, तो मुळापासून शिकावा लागतो. सगळ्यात मोठा म्हणजे काम सोपवणं. आपल्या वॉर्डात मावशी, मामा, नातेवाईक आणि स्टुडंट नर्स हाताला येईल ते करतात. अमेरिकेत नोंदणीकृत नर्स, तिच्या खालची एलपीएन (कमी शिक्षणाची परवानाधारक नर्स) आणि मदतनीस यांच्या कामाच्या रेषा आखलेल्या आहेत. मोटामोटी नियम असा: पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणं आणि परिणाम जोखणं ही कामं तू कुणालाही देत नाहीस. स्थिर रुग्णाचं बीपी, अंघोळ, चालवणं हे मदतनिसाला. नुकतंच ऑपरेशन होऊन आलेल्या रुग्णाचं पहिलं बीपी तू स्वतः. या विषयावर प्रश्न खूप येतात, आणि आपल्याकडच्या अनुभवावर विसंबलीस तर हमखास चुकतात.

दुसरा भाग रुग्णाच्या हक्काचा. ‘सिस्टर, आबांना कॅन्सर आहे ते सांगू नका’ असं मुलगा दाराबाहेर हात जोडून सांगतो आणि आपण मान डोलावतो. तिकडच्या परीक्षेत ते उत्तर चूक आहे. रुग्ण शुद्धीवर आहे, समजू शकतो, तर माहिती आधी त्याची. त्याने उपचार नाकारला तर तोही त्याचा हक्क, आणि नर्सने त्याची बाजू मांडायची. मनातून पटो न पटो, उत्तर तेच लिहायचं. ऑस्कीत तर याची सुरुवात नावापासून होते. आपण आप्पा, बाबा, आजी म्हणतो आणि ते आपल्या माणसांना आवडतं. तिथे आधी स्वतःचं नाव सांगायचं, मनगटावरच्या पट्टीवरून ओळख पटवायची, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ विचारायचं, परवानगी घ्यायची, मग हात लावायचा. आणि प्रत्येक वेळी हात धुवायचे. इंजेक्शन उत्तम देणाऱ्या मुली हात धुण्यात आणि ओळख पटवण्यात नापास होतात. हे पाठ करून येत नाही, अंगवळणी पडावं लागतं. उद्यापासून आयसीयूत तसंच कर. सहकारी हसतील, हसू दे.

मानसोपचार, आणि हवेतून, थेंबांतून, स्पर्शातून पसरणाऱ्या आजारांच्या वेगवेगळ्या खबरदाऱ्या, यांना प्रत्येकी काही आठवडे दे. त्यावर जास्त लिहीत नाही, पुस्तकात नीट आहे.

औषधांची नावं हा आपला जुना दुखरा भाग. आपण लॅसिक्स, पॅन, मोनोसेफ, डेक्सोना म्हणतो. परीक्षेत फ्युरोसेमाइड, पँटोप्राझोल, सेफ्ट्रिअॅक्सोन, डेक्सामेथासोन येतं. डेरिफिलिन आपल्याकडे चॉकलेटसारखं देतात, अमेरिकेत ते नाहीच. भारतातलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं आणि अॅड्रिनालिन होतं एपिनेफ्रिन. वॉर्डाच्या औषधाच्या ट्रॉलीवरची सगळी खोकी एका वहीत लिहून काढ आणि समोर मूळ नाव. रक्तातली साखर इंग्लंडात मिलिमोलमध्ये मोजतात; आपली 180 म्हणजे तिथली 10.

आकडेमोडही करून ठेव, कारण आयसीयूत आपण ‘इतके अॅम्प्यूल, इतक्या एमएलवर पंप’ असं ठरलेल्या सवयीने लावतो. 60 किलोचा रुग्ण, डोपामिन मिनिटाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅम, बाटलीत 250 मिलिलिटरमध्ये 400 मिलिग्रॅम. पंप कितीवर? मिनिटाला 300 मायक्रोग्रॅम, तासाला 18,000. एका मिलिलिटरमध्ये 1,600. भागाकार 11.25, म्हणजे पंप तासाला 11.25 मिलिलिटरवर. अशी दहा गणितं रोज, पंधरा मिनिटांत. दोन आठवड्यांत भीती जाते.

क्लासचं सांगते. केरळात चांगले क्लास आहेत, तिथल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातायत आणि त्यांच्याकडे ती परंपराच आहे. पण तू तीन महिने पगार सोडून कोचीला राहिलीस तर खर्च दुप्पट होतो आणि हाताशी रुग्ण राहत नाहीत. ऑनलाइन प्रश्नसंच घे, एकच घे, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण पूर्ण वाच. दिवसाला पन्नास प्रश्न नीट वाचून सोडवलेले, दोनशे भराभर सोडवलेल्यांपेक्षा बरे. ‘कालच्या परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून टेलिग्रामवर जे विकतात त्याला हात लावू नको. प्रश्न बाहेर सांगणार नाही असं परीक्षेआधी लिहून दिलेलं असतं. 2023 मध्ये नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावर निकाल संशयास्पद निघाले, तेव्हा एनएमसीने तिथून पास झालेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातल्या शाळांनी हजारो बनावट नर्सिंग पदव्या विकल्याचं उघड झालं. तेव्हापासून आपल्यासारख्यांचे कागद दहा वेळा उलटून बघतात, आणि बघणारच.

नोकरी सोडू नको, हे त्यातच आलं. अलीकडचा अनुभव सगळीकडे लागतो. मात्र तो कागदावर सिद्ध व्हायला हवा. नेमणूकपत्र, पगाराच्या बँक नोंदी, कुठल्या वॉर्डात किती खाटांवर काम केलं याचं पत्र. आखाती देशांसाठी डेटाफ्लो ही यंत्रणा थेट रुग्णालयाला विचारते, आणि रोखीने पगार देणारी लहान रुग्णालयं तेव्हा उत्तर देत नाहीत. म्हणून पत्र आत्ताच, तू तिथे असताना आणि मेट्रन ओळखीच्या असताना घेऊन ठेव. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही कपाटात राहू देऊ नको. महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते. तारीख बघ, चालू नोंदणीशिवाय पुढचं पान उघडत नाही.

जीएनएमची किंमत: इंग्लंडला तुझी नोंदणी महत्त्वाची, पदवीच हवी असा हट्ट नाही. अमेरिकेत कागदांच्या मूल्यमापनावर आणि राज्यावर अवलंबून. ऑस्ट्रेलियाला नुसती जीएनएम पुरत नाही, तिथे तुझी पोस्ट बेसिक उपयोगी पडेल. तेव्हा दोन्हींचे ट्रान्सक्रिप्ट काढ, एकच काढून थांबू नको.

आणि तुझी मैत्रीण. एएनएमवर बाहेर नोंदणीकृत नर्स होता येत नाही, कुणी कितीही पैसे मागून सांगितलं तरी. तिची एएनएम नोंदणी चालू असेल तर त्या जोरावर तिला जीएनएमला प्रवेश मिळू शकतो, तीन वर्षांचा कोर्स. बारावीला विज्ञान असेल तर बीएस्सीची सीईटी द्यावी. उपकेंद्रातली नोकरी कायम असेल तर आधी रजेचं आणि परवानगीचं तिच्या ऑफिसात लेखी विचार म्हणावं, मगच राजीनाम्याचं बोलावं.